शपथ, फावडं आणि सकाळची फेरी

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. नाव-गाव वगळून त्याचा सारांश असा. मुलगा आणि सून टोरोंटोजवळ नोकरीला आहेत, नातू दोन वर्षांचा. ताई आणि त्यांचे यजमान गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदाच तिकडे राहून आले. यजमान ६६ वर्षांचे. जन्मभर केळी आणि कापूस केला, चार वर्षांपूर्वी शेत नफ्यानं, म्हणजे ठरलेल्या रकमेवर दुसऱ्याला कसायला, देऊन टाकलं. तिकडे मुलगा सारखा म्हणायचा, ‘पप्पा, तुम्ही कशालाच हात लावू नका.’ ते त्यांना फार लागायचं. जानेवारीत एका पहाटे सगळे झोपेत असताना ते एकटेच फावडं घेऊन दारापुढचा वीतभर बर्फ काढायला गेले. अर्ध्या तासानं ताईंनी खिडकीतून पाहिलं, तर ते पायरीवर बसलेले, हात छातीवर. दहा मिनिटांनी बरं वाटलं. ‘पोराला सांगशील तर माझी शपथ आहे,’ एवढंच बोलले. येत्या डिसेंबरात पुन्हा जायचं आहे आणि विषय काढला की त्यांचं एकच उत्तर, ‘माले काय व्हस!’ ताई विचारतात, शपथ मोडू का? न मोडता यांना कसं थांबवू? आणि थांबणारच नसतील, तर बर्फ काढायची सुरक्षित रीत तरी सांगा.

ताई,

बर्फाचं नंतर बोलू. आधी त्या पायरीचं बोलू.

६६ वर्षांचा माणूस कडाक्याच्या थंडीत जड काम करतो, छातीवर दडपण येतं, बसल्यावर उतरतं. तुम्ही लिहिलंय, ‘थंडी बाधली असेल.’ बाधलीही असेल. पण हेच वर्णन कुठल्याही डॉक्टरला ऐकवलंत तर ते आधी हृदय तपासतील. आणि या गोष्टीला आता नऊ महिने उलटून गेलेत. म्हणून तिकिटं काढण्याआधी जळगावला किंवा धुळ्याला हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. नुसता झोपवून काढलेला ईसीजी चांगला आला म्हणून उठून येऊ नका, रक्तवाहिनीत अडथळा असूनही तो नॉर्मल येऊ शकतो. जानेवारीत काय झालं ते जसंच्या तसं सांगा आणि स्पष्ट विचारा, ‘हे उणे पंधरा अंशांत फावडं मारणार म्हणतात, चालेल का?’ इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करायची, ट्रेडमिलवर चालवून बघायचं की आणखी काही, ते मग डॉक्टर ठरवतील. तोवर जिना चढताना किंवा बांधावरून चालताना पुन्हा तसं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि बसूनही पाच मिनिटांत उतरलं नाही, तर लगेच १०८.

शपथ पोराला न सांगण्याची आहे, ताई. डॉक्टरांना सांगू नकोस असं ते म्हणालेले नाहीत. हा पहिला दरवाजा तुम्हाला आजच उघडा आहे.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य घेते. ‘शेतात राबलेलं शरीर आहे, घडच्या घड खांद्यावर वाहिलेत, त्यापुढे हा पिठासारखा बर्फ म्हणजे काय?’ मलाही असंच वाटायचं. मी लेकीकडे मिशिगनला दोन हिवाळे काढले. पहिल्यांदा खिडकीतून पाहिलं तेव्हा अंगणात कुणी तांदळाची पिठी चाळून ठेवली आहे असं वाटलं. हातात घेतला तर वजनच लागेना. फसायला होतं ते तिथेच.

हिशेब करून बघा, यजमानांनाही करू द्या. गाडी उभी करायची वाट दहा मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि त्यावर पंधरा सेंटिमीटर बर्फ, म्हणजे झाला साडेचार घनमीटर. अगदी हलका, ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आसपास भरतो. म्हणजे साडेचार क्विंटल. तोच जरा ऊन लागून ओला झालेला असेल, तर घनमीटरला तीनशे किलोही होतो, मग साडेतेरा क्विंटल. एका फावड्यात पाच किलो धरले तर दोनशे सत्तर वेळा वाकायचं, उचलायचं, फेकायचं. तेही नाश्त्याआधी. शेतात साडेतेरा क्विंटल माल एकट्यानं, सहासष्टाव्या वर्षी, एका दमात हलवायला ते तयार झाले असते का? दोन मजूर सांगितले असते.

वजनाइतकंच कामाच्या तऱ्हेचं आहे. नांगरामागे चालताना, निंदणी करताना पाय चालत असतात, रक्त फिरत असतं. बर्फ काढताना पाय एका जागी रोवलेले असतात, सगळा भार हातांवर आणि खांद्यांवर येतो, आणि उचलताना माणूस नकळत श्वास धरतो. त्यानं रक्तदाब एकदम चढतो. त्यात थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे हृदयाला जास्त रक्त हवं असतं त्याच वेळी ते पोचवणारी वाट अरुंद होते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दहा निरोगी, पण व्यायामाची सवय नसलेल्या पुरुषांना ओला जड बर्फ उपसायला लावून ठोके मोजले होते. दोन मिनिटांतच ते कमाल मर्यादेच्या ८५ टक्क्यांपलीकडे गेले. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९८१ ते २०१४ पर्यंतच्या नोंदी तपासल्या, तर मोठ्या हिमवर्षावानंतर पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्यानं दवाखान्यात दाखल होणं आणि मृत्यू, दोन्ही वाढलेले दिसले. ती माणसं त्या थंडीतच राहणारी होती.

मुलाच्या शेजारचे ऐंशीचे आजोबा अजून स्वतः बर्फ काढतात, असं तुम्ही लिहिलंय. ते पन्नास-साठ हिवाळे हे काम करत आले असतील, कदाचित पडायला लागल्यापासून थोडा थोडा काढत असतील, आणि त्यांच्या हृदयाचा कागद तुम्ही-आम्ही पाहिलेला नाही. यजमानांची चार वर्षं बाजेवर आणि पारावर गेली आहेत. राबलेलं शरीर हे खरं, पण ते चार वर्षांपूर्वी राबलेलं.

आता शपथ. ‘माझी शपथ’ याचा अर्थ आपल्याकडे काय होतो, ते मला ठाऊक आहे. मोडली तर त्या माणसाच्या जिवाला अपाय होतो, ही भीती आपल्या हाडात असते, आणि तुम्ही नऊ महिने तीच घेऊन बसला आहात. माझं मत विचारलंत तर सांगते, ज्या जिवाची शपथ घातली तो जीव जपण्यासाठी ती मोडावी लागली, तर मोडा. पण आधी त्यांना संधी द्या. भाऊबीजेपर्यंतची मुदत द्या आणि असं म्हणा, ‘मी सांगणार नाही, तुम्हीच पोराला फोनवर सांगा. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगा. नाही सांगितलं, तर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी सांगेन.’ लपून सांगू नका, त्यांना कळवून सांगा. त्यांचा विश्वास तुटेल अशी भीती तुम्हाला वाटते, पण तो लपवाछपवीनं जास्त तुटेल.

भावनेचं ऐकत नसतील, तर एक व्यवहाराचं कारण आहे, ते शेतकऱ्याला लगेच पटेल. तुम्ही सुपर व्हिसावर, म्हणजे मुलांकडे लांब मुक्कामाला जाणाऱ्या आईवडिलांना कॅनडा देतं त्या व्हिसावर, जात असाल तर किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो. विम्याच्या अर्जात आधीच्या आजाराविषयी, त्रासाविषयी विचारलेलं असतं. छातीत झालेला त्रास लपवला आणि तिकडे काही झालं, तर दावा नाकारला जाऊ शकतो, आणि तिथल्या दवाखान्याचं बिल पोराच्या डोक्यावर बसेल. फळपीक विम्यात एक नोंद चुकली की काय होतं, ते यजमानांना मी सांगायला नको.

मुलाशीही मला बोलायचं आहे, कारण हे सदर आपल्याकडच्या ज्या घरांची मुलं बाहेर आहेत तिथेही वाचलं जातं. ‘तुम्ही हात लावू नका’ हे तुम्ही प्रेमानं म्हणता, बाळा. पण ज्या माणसानं चाळीस वर्षं पहाटे उठून बागेला पाणी दिलं, त्याला ते ‘आता तुमची गरज नाही’ असं ऐकू येतं. मग तो तुम्ही झोपेत असताना फावडं उचलतो, एकटा, अंधारात, नाश्त्याआधी. हृदयासाठी याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही. हात लावू नका म्हणण्याऐवजी एक काम त्यांच्या नावावर करा.

ते काम म्हणजे फेरी. ताई, शेताला सकाळची फेरी मारल्याशिवाय यजमानांना चहा गोड लागला नसेल कधी. थंडीत पारा दहाच्या खाली आला की केळी गारठते, म्हणून रात्री पाणी सोडणारा, बांधावर धूर करणारा माणूस आहे हा. त्याला पाहायचं कसं ते शिकवावं लागत नाही. बर्फ पडलेल्या घराला अशाच फेरीची गरज असते, आणि तरुण मंडळी ऑफिसच्या घाईत नेमकी तीच विसरतात.

फेरीत काय पाहायचं? घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या, बहुधा पांढऱ्या प्लास्टिकच्या नळ्या पुष्कळ घरांत बाजूच्या भिंतीतून, जमिनीपासून थोड्याच उंचीवर बाहेर आलेल्या असतात. वाऱ्यानं बर्फ तिथे साचला आणि तोंड बुजलं, तर जळालेला वायू घरात परत शिरू शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. सगळ्यांचं एकदमच डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर सर्दी समजू नका, नातवाला उचलून आधी बाहेर पडा आणि मग फोन करा. घरात त्याची सूचना देणारा अलार्म आहे ना, चालतो ना, हे गेल्या गेल्या मुलाला विचारा. त्या नळ्यांची तोंडं आणि गॅसचा मीटर मऊ ब्रशनं मोकळा ठेवणं हे पाच मिनिटांचं, हलकं आणि फार मोलाचं काम आहे. ते यजमानांचं.

गाडीचंही असंच आहे. मागची धुराची नळी बर्फात गाडलेली असताना इंजिन सुरू केलं, तर धूर आत भरतो. बर्फ काढेपर्यंत नातू गारठू नये म्हणून त्याला चालू गाडीत बसवायचा मोह होतो. नळी मोकळी केल्याशिवाय हे कधीच करू नका. आणि गॅरेजमध्ये गाडी गरम करत ठेवायची नाही, दार उघडं असलं तरी नाही.

मग पायऱ्या. इथे मला थोडं थांबायचं आहे. आपल्याकडे बर्फ म्हणजे गोळ्याचा नाहीतर गारांचा. सातपुड्यात डाबकडे, तोरणमाळला दव गोठलं तरी बातमी होते. त्यामुळे बर्फ या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक भुसभुशीत, तो दिसतो आणि छातीला जड जातो. दुसरा काचेसारखा, तो दिसत नाही आणि हाडं मोडतो. दुपारी उन्हानं वितळलेलं पाणी रात्री पायरीवर, फरशीवर गोठतं. पातळ थर असेल तर नुसती ओल वाटते, डांबरावर तर रस्ता भिजलाय असंच दिसतं.

पहिल्या हिवाळ्यात मी लेकीच्या मागच्या पायरीवरचा असा थर काढायला घंगाळभर कढत पाणी ओतलं होतं. बर्फ लगेच गेला, मला बरं वाटलं. वीस मिनिटांत तेच पाणी पसरून खालच्या तिन्ही पायऱ्यांवर गोठलं, आधीपेक्षा गुळगुळीत. जावई कचऱ्याचा डबा घेऊन निघाले आणि घसरले. कोपराला टाके पडले. पाणी ओतू नका, ताई. गरम नाही, कोमट नाही.

त्याऐवजी मीठ आणि वाळू. मिठानं पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, म्हणून बर्फ सुटतो. पण साधं खडेमीठ साधारण उणे नऊ अंशांपर्यंतच नीट काम करतं. त्याखाली थंडी गेली की ते नुसतं पडून राहतं आणि माणूस विश्वासानं पाय टाकतो. कॅल्शियम क्लोराइडसारखी दुसरी क्षारं त्याहून बऱ्याच खालच्या तापमानाला चालतात, पिशवीवर अंश लिहिलेले असतात, ते मुलाकडून वाचून घ्या. वाळू बर्फ वितळवत नाही, पण कितीही थंडीत पायाला पकड देते. मीठ थोडंच टाकायचं. कॉफीचा एक मग भरून घेतला तर वीस फुटांच्या वाटेला पुरतो, दाणे एकमेकांपासून सुटे पडले पाहिजेत. ढीग घालून जास्त फायदा होत नाही आणि कडेची माती खारते. खारवट जमिनीत काय उगवतं हे यजमानांना विचारा. आधी खरवडून, झाडून घ्यायचं आणि मग मीठ, वीतभर बर्फावर वरून टाकायचं नाही. वाळूची आणि मिठाची एकेक बादली दाराच्या आतच ठेवा, म्हणजे पहिलं पाऊल बाहेर टाकायच्या आधी समोर पसरता येतं.

ही फेरी उजेड पडल्यावर, घरातल्या एकाला सांगून, खिशात फोन ठेवून करायची. पायात खोल खाचांच्या रबरी तळाचे बूट आणि त्यावर चढवायचे काटे. पाऊल छोटं, पूर्ण तळवा टेकवून, हात खिशाबाहेर. चिखलातल्या बांधावरून डोक्यावर भारा घेऊन चालल्यासारखं चालायचं. छपराच्या कडेला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांखाली उभं राहायचं नाही आणि छपरावर कुणीही चढायचं नाही, त्यासाठी जमिनीवरून ओढायचं लांब दांड्याचं अवजार मिळतं. आणि हे नियम तुम्हालाही लागू आहेत, ताई. साडी आणि चप्पल घालून, नातवाला कडेवर घेऊन ‘दोनच मिनिटं’ दारात जाणाऱ्या आया-आज्या मी पाहिल्या आहेत.

डॉक्टरांनी फावड्याला नाही म्हटलं तर विषय संपला. मग हंगामभरासाठी बर्फ काढून देणारा माणूस ठरवा, तिकडे असे करार सर्रास होतात, किंवा गल्लीतल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला सांगा. त्या पैशाची हळहळ यजमानांना वाटेल. तुमच्या विम्याच्या आणि विमानाच्या खर्चापुढे ठेवून तो आकडा पाहा.

डॉक्टरांनी हो म्हटलं, तरी रीत बदलायची. बर्फ पडून थांबेपर्यंत वाट पाहू नये, चार बोटं साचला की एक हात फिरवावा. एकदम वीतभर उपसण्यापेक्षा तीनदा चार-चार बोटं ढकलणं कितीतरी हलकं जातं. ढकलणं म्हणते आहे, उचलणं नाही. सुपासारखं रुंद, पुढे ढकलायचं फावडं वेगळं येतं, तेच घ्यावं. उचलावंच लागलं तर अर्धंच भरून, गुडघ्यात वाकून, श्वास सोडत, आणि खांद्यावरून मागे न फेकता, पायानं वळून. आत पाच-दहा मिनिटं चालून अंग गरम झाल्यावर बाहेर पडावं, भरल्या पोटी लगेच नाही, तंबाखूचा बार भरून तर मुळीच नाही. पंधरा मिनिटं काम की घरात येऊन बसायचं. टोपी, हातमोजे आणि तोंडावरून मफलर. घामानं ओले झालेले कपडे बदलायचे. नगरपालिकेची गाडी रस्ता साफ करताना आपल्या वाटेच्या तोंडाशी जो दाबलेल्या बर्फाचा बांध घालून जाते, तो त्यांनी काढायचा नाही. सगळ्यात जड तोच असतो. तो मुलाचा.

मुलानं बर्फ उडवायचं यंत्र आणलं असेल तर एवढंच. यजमानांनी कडबाकुट्टी पाहिली आहे, तिच्यात हात गेलेली माणसंही पाहिली असतील. हे यंत्र त्याच जातीचं. तोंडात बर्फ अडकला तर यंत्र बंद करायचं, पातं पूर्ण थांबू द्यायचं आणि काठीनं काढायचं. बंद केल्यावरही पात्यात ताण अडकून राहिलेला असतो, अडथळा सुटला की ते फिरतं. हात घालायचाच नाही.

मीठ किती तासांत टाकावं, दारापुढची पायवाट कुणी मोकळी करावी, याचे नियम प्रत्येक गावाचे वेगळे असतात आणि दंडही होतो. आपला बर्फ रस्त्यावर लोटणं बहुतेक ठिकाणी चालत नाही. मुलाला एकदा विचारून घ्या, म्हणजे ‘दंड बसेल’ या काळजीनं यजमान पहाटे उठणार नाहीत.

निघण्याआधी एक काम तुम्ही करा. एका कार्डावर मुलाच्या घराचा पूर्ण पत्ता आणि ९११ हा आकडा मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत लिहून घ्या आणि बाजूला तोच पत्ता देवनागरीत, उच्चाराप्रमाणे. तिकडे पोचल्या पोचल्या ते फ्रिजवर लावा. छातीत, जबड्यात, खांद्यात, डाव्या हातात कळ आली, दम लागला, गार घाम फुटला, तर मुलाला ऑफिसात फोन करून विचारत बसायचं नाही, आधी ९११. पलीकडचा माणूस पहिल्यांदा पत्ता विचारतो. तो मोठ्यानं वाचायचा सराव इथेच, ओट्यावर बसून, यजमानांना ऐकवत करा.